तारामंडळाचे कंट्रोलर

चाचांची आठवण निघाली की मला आधी त्यांचा आवाज ऐकू येतो आणि पाठोपाठ लाज वाटते. आवाज त्यांचा, लाज माझी. गावाचं नाव मी लिहिणार नाही. तेरणेच्या काठाला, तेरच्या अलीकडं-पलीकडं अशी बरीच गावं आहेत, त्यांतलंच एक धरून चाला. चाचांच्या ओळखीच्या काही खुणाही मी मुद्दाम बदलल्या आहेत. कुठल्या, ते विचारू नका. का, ते पुढं कळेल.

मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायला गेले आणि चाचांच्या घरात भाड्यानं राहिले. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला होता, घरात चाचा आणि चाची दोघंच. खोली दाखवताना चाचा म्हणाले, "भाडं मागंपुढं झालं तरी चालंल, पर संध्याकाळी अंगणात ऐकायला बसावं लागंल." मला वाटलं, म्हातारा आपली दुखणी सांगणार. पहिल्या संध्याकाळी मी बसले, तर त्यांनी घसा साफ करून विचारलं, "बाई, तुमी सायन्सच्या. मला सांगा, सातवाहनांचं यान एका दिवसात कुठवर जाईल?"

मी म्हणाले, "चाचा, सातवाहनांकडं यान नव्हतं."

"तवा नव्हतं. आता हाय."

चाचा जन्मभर बसस्टँडवर कंट्रोलर होते. म्हणजे त्या जाळीच्या खिडकीमागं बसून गाड्यांच्या वेळा सांभाळायच्या आणि माइकवरून पुकारा करायचा. दोन हजार वर्षांपूर्वी पैठणला राहून सातवाहनांनी राज्य केलं, आपल्या तेरच्या बाजारातून त्यांचा माल पार रोमपर्यंत जायचा, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं आणि ते त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. एवढं मोठं राज्य संपतं कसं, हे मात्र त्यांना पटत नव्हतं. म्हणून त्यांनी ते संपवलंच नाही, आकाशात नेलं. त्यांच्या गोष्टीत सातवाहन तारे जिंकत चालले होते, राजधानीचं नाव अजून पैठणच होतं आणि सगळा कारभार वेळापत्रकावर चालत होता. "साम्राज्य म्हंजे काय, तलवार? साम्राज्य म्हंजे रूट," ते म्हणायचे. "गाडी जिथवर टायमावर पोचती, तिथवर राज्य." दूरच्या ग्रहांवर मुक्कामी यानं जायची. ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपायचे आणि सकाळी दूधवाल्यांना घेऊन परत यायचे.

ही गोष्ट ते नोकरीत असतानाच सांगायला लागले होते, आणि तीही स्टँडच्या माइकवरून. मी ते ऐकलेलं नाही, पण गावात ज्यानं त्यानं मला नक्कल करून दाखवली आहे. "प्रवाशांनी लक्ष द्यावं. जळकोट मार्गे जाणारी गाडी टायर बसल्यामुळं उशिरा येईल. तोवर, काल सम्राटांचं यान शनीच्या कड्यात अडकलं होतं..." लोक ऐकत बसायचे. गोष्ट रंगात आली की आलेली गाडीही रिकामी निघून जायची. एकदा त्यांनी साम्राज्यातल्या सगळ्यात लांबच्या, कोरड्याठाक ग्रहाचं नाव ईट ठेवलं. दुसऱ्या दिवशी भूमकडच्या गाडीतून ईटच्या एक बाई उतरल्या त्या थेट खिडकीशी. "आमच्या ईटला पानी न्हाय म्हून माइकवरून सांगितलं व्हय तुमी? माझ्या पोराचं लगीन जमायचंय!" चाचांनी त्याच दुपारी त्या ग्रहावर धो धो पाऊस पाडला.

ऐकायला गंमत वाटते. पण अशा माणसाबरोबर राहायचं म्हणजे चारचौघांत खाली मान घालायची सवय ठेवावी लागते. आमच्या शाळेत एकदा तपासणीला मोठे साहेब आले होते. चाचा पालकांच्या रांगेत जाऊन बसलेले. बरं, शाळेत त्यांचं कुणी शिकत नव्हतं. साहेबांचं भाषण संपलं तसे हे उठले आणि म्हणाले, "साहेब, तुमच्या आईचं नाव काय?" सातवाहन राजे आईचं नाव लावत, म्हणून चाचांच्या साम्राज्यात आईचं नाव सांगितल्याशिवाय कुणाला अधिकारावर बसता येत नसे. हे मला ठाऊक होतं, साहेबांना कुठून असणार? धरणी दुभंगली तर बरं, असं मला झालं. साहेब त्यांच्याकडं बघून म्हणाले, "कौसल्या." चाचांनी सलाम केला. "मग बसा आता, कौसल्यापुत्र साहेब." साहेब हसले, सगळे हसले. मी आठवडाभर चाचांशी धड बोलले नाही.

तरी संध्याकाळी अंगणात जाऊन बसायची खोड लागली ती लागलीच. एकदा मी त्यांना समजावून सांगितलं, की प्रकाशापेक्षा वेगानं काही जात नाही, त्यामुळं पैठणचा हुकूम लांबच्या ताऱ्यावर पोचायला शंभर वर्षंही लागतील. मला वाटलं, आता गोष्ट मोडेल. चाचांचे डोळे चमकले. "म्हंजे राजा मेला तरी हुकूम चालूच!" पुढं कितीतरी दिवस तेच चाललं. एका ग्रहावर मेलेल्या राजाचा हुकूम येतो, 'लढाई करा'. ज्यांच्याशी लढायचं ते आता सोयरे झालेले. मोडला तर द्रोह, पाळला तर लेकी विधवा. मग तिथला म्हातारा अधिकारी शक्कल काढतो. दरवर्षी एक दिवस दोन्ही बाजू मैदानात येतात, फुलांनी एकमेकांना मारतात आणि जेवून घरी जातात. मी विज्ञानाची बाई, पण त्यानंतर प्रकाशाच्या वेगाचा विषय मी पुन्हा काढला नाही.

टीव्हीवरच्या परदेशी सिनेमातली आकाशातली साम्राज्यं बघून ते वैतागायचे. "ह्यांचं समदं दगडाचं. खांब काय, पुतळे काय. दगड कोन उचलून न्हेतंय वर? मान्सानं माती न्यावी." त्यांच्या आकाशातल्या पैठणात सगळी माळवदाची घरं होती, आमच्या घरासारखी. माळवद म्हणजे लाकडाच्या तुळया, वर मातीचा जाड थर. पाऊस आत येऊ नये म्हणून त्यावर पांढरी टाकतात. पांढरी म्हणजे जुन्या, उजाड झालेल्या वस्तीची माती. शेताची ती काळी, वस्तीची ती पांढरी. आमच्या गावामागं अशा पांढरीचं मोठं टेकाड होतं, सातवाहनांच्या काळातल्या वस्तीचं म्हणायचे. दर वैशाखात बायका-पुरुष डोक्यावर पाटी घेऊन जायचे आणि घरापुरती माती आणायचे. रीत अशी की कडेची मोकळी झालेली माती घ्यायची, आत कुदळ घालायची नाही. मातीत खापरं निघायची, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे निघायचे. चाचा ते वेचून परत टेकाडावर टाकून यायचे. कुणी तरी त्यांना टोमणा मारला होता, "चाचा, तुमचं राज निजामाचं. सातवाहनांचं तुमाला काय?" चाचा म्हणाले, "माझ्या डोक्यावरलं छप्पर कुनाचं हाय, ते वर चढून बघ आन मग इचार." गोष्टीतही त्यांनी हाच कायदा ठेवला होता. ज्याच्या डोक्यावर जुनं राज्य नाही, त्यानं नवं करायचं नाही, पाऊस आत येतो.

निवृत्त झाल्यावर माइक गेला तसे चाचा मोबाइलकडं वळले. जुने ड्रायव्हर, कंडक्टर, रोजचे प्रवासी अशांचा त्यांनी ग्रुप केला. नाव 'तारामंडळ'. आवाज रेकॉर्ड करून पाठवायला मीच शिकवलं. सगळं ठीक चाललं होतं, आणि मग त्यांनी शेवटच्या कंट्रोलरचा भाग सांगितला.

त्या भागात साम्राज्य मोडत असतं. शेवटचा कंट्रोलर पैठणचा सोन्याचा दिवा घेऊन पृथ्वीवर परत येतो आणि एका टेकाडात पुरतो. चाचांना न पाहिलेली जागा कधी सांगता यायची नाही. त्यामुळं ते टेकाड आमचंच होतं, नदीचं वळण आमचंच, वाकलेली चिंच आमचीच. चिंचेची सावली संध्याकाळी जिथं टेकते तिथं दिवा. हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं होतं, की त्यांच्या आजानं मरताना कानात सांगितलं असावं. ग्रुपवरून ते दुसरीकडं गेलं, तिथून तिसरीकडं. वाटेत कुणीतरी पुढचा भाग कापला, मागचा कापला. यान गेलं, तारे गेले. उरला एका म्हाताऱ्याचा गंभीर आवाज आणि सोन्याचा पत्ता.

आमच्याकडं गुप्तधन हा शब्द उच्चारायचा अवकाश, शहाणीसुरती माणसंही कामातून जातात. बाजाराच्या दिवशी, सगळं गाव स्टँडजवळच्या बाजारात असताना, भरदुपारी जेसीबी आला. बाहेरची माणसं होती, गावातलीही होती. पायाकडून जन्मलेल्याला जमिनीतलं धन दिसतं म्हणतात, तसा एक पायाळू त्यांनी लांबून धरून आणला होता. त्या बिचाऱ्याला अनवाणी टेकाडावर फिरवलं. तो एका जागी थांबला, काय माहीत, पाय भाजला असेल. तिथं यंत्र घातलं. शाळा सुटून आम्ही पोचेपर्यंत टेकाड अर्धं झालं होतं.

धन काही निघालं नव्हतं. रांजण फुटले होते, चुलीची राख उधळली होती. कापलेल्या कडेला थर दिसत होते, जमीन, राख, पुन्हा जमीन. चाचा त्या कडेपाशी गेले. ज्या लोकांना ते इतकी वर्षं आकाशात हिंडवत होते, त्यांच्या चुली तिथं उघड्या पडल्या होत्या. त्यांनी हात लावला नाही. माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, हे यंत्रानं न्हाय खनलं. माझ्या तोंडानं खनलं." त्यांचा चेहरा मला बघवेना.

उरलेलं टेकाड अमावस्येला काढायचं, असं ठरल्याचं सगळ्या गावाला माहीत होतं. आम्ही तहसीलला अर्ज दिला होता, पण अर्जाचं उत्तर त्याच्या चालीनं येणार आणि अमावस्या तिच्या. चाचा म्हणाले, "गोष्ट मी सोडली, मीच धरून आनतो." पुढच्या बाजारी ते स्टँडवर गेले. नव्या कंट्रोलरला त्यांनीच काम शिकवलं होतं, त्यानं माइक दिला. मी खिडकीपाशी उभी होते.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं. धनाची गोष्ट खोटी हाय. म्या रचली हाय. सातवाहन आकाशात गेले न्हाईत. यान न्हाय, दिवा न्हाय, वर पैठन बी न्हाय. समदं खोटं."

आधी हशा पिकला. मग कुणी शीळ घातली. जो माणूस 'खोटं' हा शब्द आपल्या साम्राज्याला कुणाला लावू द्यायचा नाही, तो माइक दोन्ही हातांनी धरून तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता. मला त्या क्षणी काय वाटलं, ते लिहितेच. मला वाटलं, मी यांच्यासोबत आहे हे कुणाला दिसू नये. मी दोन पावलं बाजूला सरकले. तेवढ्यात चहाच्या गाड्यावरचा माणूस शेजारच्याला म्हणाला, "एवढं वरडून सांगतंय म्हंजी नक्की हाय. म्हाताऱ्याला एकट्यालाच खायाचंय." संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला तेच पटलं होतं. आता एका जेसीबीचे दोन येणार होते.

दोन दिवस चाचा जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या दारात आले. मी वह्या तपासत होते आणि चिडलेली होते, त्यांच्यावर, गावावर, माझ्यावर. त्यांनी विचारलं, "बाई, खरं सांगून लोकांना पटंना. मान्सांना काय लगीच पटतं हो?"

"दुसऱ्याचं वाईट," मी मान वर न करता म्हणाले.

ते "बराबर," म्हणाले आणि गेले.

मला वाटलं, घरात जाऊन पडले असतील. ते गेले होते स्टँडवर. या वेळी मी नव्हते, पण काय बोलले ते गावातल्या प्रत्येकाला पाठ आहे. "प्रवाशांनी लक्ष द्यावं. टेकाडात धन व्हतं. ते मीच काढलं, नोकरीत असतानाच. इकलं आन खाल्लं. आता तिथं काय न्हाय. उगं डिझेल जाळू नका."

कुणी हसलं नाही. कुणी शंका घेतली नाही. तासाभरात गावानं पुरावेही गोळा केले. मुलाचं शिक्षण कुठून झालं? चाचीच्या डोळ्याचं ऑपरेशन सोलापूरला कसं केलं? एवढी वर्षं ज्यांनी त्यांची गोष्ट ऐकली, चहा पाजला, लग्नाला नेलं, त्यांतल्या एकालाही वाटलं नाही की हा माणूस असं करायचा नाही. पोलीस आले, दम देऊन आणि चहा घेऊन गेले. अमावस्या आली आणि गेली, टेकाडाकडं कुणी फिरकलं नाही.

पुकारा केला त्याच संध्याकाळी चाचा मला म्हणाले होते, "म्या काय बी काढलं न्हाय, हे तुमालाच ठावं हाय. चाचीला बी न्हाय. तिच्या तोंडात राहायचं न्हाय, भांडल चारचौघांत. तुमच्या तोंडातून गेलं तर टेकाड गेलं म्हून समजा."

मी म्हणाले, "चाचा, पण लोक तुम्हाला..."

"लोकांचं काय. आंदी येडा म्हनायचे."

वेडा म्हणणं आणि चोर म्हणणं यात किती फरक आहे, हे मला नंतर कळलं. त्यांनाही कळलं असणार. चहाच्या गाड्यावर कुणी त्यांना सरकून जागा देईना. मशिदीत शेजारची जागा रिकामी राहायला लागली. लेकरं मागून ओरडायची, "चाचा, दिवा दावा की!" चाचीनं त्यांना एकदाच विचारलं आणि त्यांनी तिलाही तेच सांगितलं, काढलं आणि खाल्लं. चाची अंगणात माझ्यासमोर उभी राहिली. "बाई, सोनं असतं तर माझ्या कानात दिसलं नसतं का? कडुनिंबाची काडी घालून फिरती म्या. कुनाला घातलं यानं?" त्यानंतर ती ताट वाढायची, पण नवऱ्याशी बोलायची नाही. मी सगळं ऐकायची आणि पाणी भरायला आत जायची.

संध्याकाळचं बसणंही संपलं. एकदा मीच म्हणाले, "चाचा, त्या फुलांच्या लढाईच्या पुढं काय झालं?" ते म्हणाले, "चोराची गोष्ट कोन ऐकतंय, बाई?" मी म्हणायला हवं होतं, मी ऐकते. मी म्हटलंही. पण ते मान हलवून आत गेले. सातवाहनांचं राज्य खरं कधी संपलं याबद्दल जाणकार काहीही म्हणोत, माझ्या लेखी ते त्या अंगणात संपलं.

त्या थंडीत चाचा गेले. जनाज्याला माणसं थोडी होती. चाळीसाव्या दिवसाच्या विधीला मुलगा पुन्हा आला, साहित्य आणायला बाजारात गेला आणि पिशव्या तशाच टाकून परत आला. दुकानदार म्हणाला होता, "बापाच्या धनातनं चाललंय का?" तो सरळ माझ्या दाराशी आला. मागं, चौकटीला हात धरून, चाची उभी होती.

"बाई, अब्बा तुमच्यापाशी बोलायचे. मला एवढंच सांगा. त्यांनी खरंच काढलं होतं का?" "नसंल काढलं तर आत्ता स्टँडवर जातो. माइक घेतो आणि एकेकाला ऐकवतो. आज बाजार हाय, समदं गाव हाय तिथं."

मला माहीत होतं की तो जाईल. ऐकवेल. त्याच्या बापाचं नाव धुऊन निघेल, आणि दोन जेसीबी आणायला निघालेल्या गावाला पुन्हा पटेल की धन अजून तिथंच आहे. हे त्याला समजावून सांगता आलं असतं का? तेव्हापासून मी रोज समजावून बघते, मनातल्या मनात, आणि कधी तो ऐकतो, कधी ऐकत नाही. त्या दिवशी मी काहीच समजावलं नाही. मी चाचीच्या कानातल्या काडीकडं पाहिलं आणि म्हणाले, "हो. काढलं होतं. मला सांगितलं होतं त्यांनी."

चाचीनं पदर तोंडाला लावला आणि ती आत गेली. मुलानं माझ्यासमोर हात जोडले.

"लई उपकार झाले, बाई," तो म्हणाला. "ह्या गावात एक तरी मानूस माझ्याशी खरं बोललं."

दुसऱ्या दिवशी तो चाचीला पुण्याला घेऊन गेला. त्यांच्या खोल्यांची किल्ली माझ्याकडं आहे, वैशाखात माळवदावर पांढरी मीच टाकून घेते. टेकाड उरलंय तेवढं उभं आहे. शाळेला जायचा जवळचा रस्ता त्याच्या कडेनं जातो. मी लांबून जाते.